पंधरा रुपयांचा मालक

पुणे,
12 नोव्हेंबर 2025

चि. केतकीस,



भाऊबीजेला पानावर बसलो असताना तू सहज विचारलंस, "आत्या, तुमचं आकाशवाणी-दूरदर्शन उद्या बंद केलं तर कुणाचं काय अडेल? हवं ते सगळं मोबाइलवर मिळतं. पैसे मात्र आमच्या टॅक्समधून जातात." दादा हसला, वहिनीने विषय बासुंदीकडे वळवला आणि मीही गप्प बसले. सदतीस वर्षं जिथलं मीठ खाल्लं त्या घराबद्दल पुरीच्या घासाबरोबर काय बोलणार? मग आठवड्याभरात तुझा फोन आला, मुंबईतल्या खासगी वृत्तवाहिनीत निवड झाल्याचा. तेव्हा म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणि नव्या नोकरीसाठी चार शब्द, दोन्ही एकाच पाकिटात घालावं. आजची तारीखही बरी सापडली. 1947 साली याच तारखेला, ऐन दिवाळीत, गांधीजी दिल्लीच्या रेडिओ केंद्रात गेले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. त्या केंद्रात ते गेले ते तेवढ्या एकदाच. त्याची आठवण म्हणून 12 नोव्हेंबर हा आमच्याकडे लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात.

आधी नोकरीचं. ती घे, आणि आत्याला काय वाटेल याचा घोर लावून घेऊ नकोस. खासगीतले सगळे लबाड आणि आमच्यातले सगळे संत, असं मानणाऱ्यांतली मी नाही. बातमी टपालाने येत नाही, धावत जाऊन आणावी लागते, हे खासगी वाहिन्यांनी आम्हाला दाखवलं. तिथे तू चार वर्षांत जे शिकशील ते शिकायला आम्हाला दहा लागली. पण तिकडे जाण्याआधी एक गोष्ट ऐकून जा. दादालाही मी ती कधी सांगितलेली नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

1979 साल. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. कोणतं केंद्र ते सोड. संध्याकाळच्या ग्रामीण कार्यक्रमात बाजारभाव वाचायची पाळी माझ्यावर यायची. फोनवरून उतरवून घेतलेले दोन बाजारांचे दोन कागद समोर असत. त्या दिवशी माझ्या हातून कागदांची अदलाबदल झाली आणि एका बाजाराचा कांद्याचा भाव मी दुसऱ्याच्या नावावर वाचला. लाल दिवा विझला, मी पर्स उचलली, घरी गेले. मला पत्ताही नाही.

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी एक शेतकरी येऊन उभा राहिला. मी वाचलेल्या भावाच्या भरवशावर त्याने जवळचा बाजार सोडून लांबच्या बाजारात माल नेला होता. भाव काही तो नव्हता आणि गाडीभाडं अंगावर पडलं होतं. मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार, भरपाई मागणार. त्याने कोपरीच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक लहानशी पुस्तिका काढून माझ्यापुढे धरली. रेडिओचा परवाना होता तो. आत पैसे भरल्याची तिकिटं चिकटवलेली, त्यांवर पोस्टाचे शिक्के.

"पंधरा रुपये भरतो बाई मी वर्साला," तो म्हणाला. "उद्याच्याला नीट वाचा."

एवढंच बोलला. चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी दुरुस्ती वाचली, तेव्हा आवाज कापत होता.

तुला हे परवाना प्रकरण माहीत नसेल. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात वर्षाची फी भरावी लागे. रेडिओला पंधरा रुपये, पुढे टीव्हीला पन्नास. हे पैसे पोस्टामार्फत सरकारच्या तिजोरीत जात, आकाशवाणीच्या गल्ल्यात सरळ पडत नसत. त्या शेतकऱ्याला हे बहुधा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्याला फरक पडला नसता. संच त्याने दुकानातून विकत घेतला होता. त्यातून बोलणाऱ्या आम्हा लोकांना मात्र त्याने पंधरा रुपयांवर कामाला ठेवलं होतं. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे परवाने रद्द झाले. पोस्टातली रांग गेली म्हणून सगळे खूश झाले, मीही झाले. श्रोत्याच्या खिशातून नेमकं काय गेलं ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

प्रसारणाचा पैसा शेवटी तीनच खिशांतून येऊ शकतो: ऐकणाऱ्याच्या, जाहिरातदाराच्या किंवा सरकारच्या. आणि ज्याच्या खिशातून येतो त्याचं ऐकावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे. बाकी इतिहास आहे, पण तोही ऐक, कारण यातला प्रत्येक खिसा आपल्याकडे एकदा वापरून झालेला आहे.

आपल्याकडे रेडिओ सरकारने आणला असं तुला वाटत असेल. आणला तो खासगी कंपनीने. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. कंपनीची भिस्त परवाना फीतल्या वाट्यावर होती. वर्षाला दहा रुपये भरून परवाना घेणारे त्या काळी किती असणार? साऱ्या देशात मिळून आठ हजारसुद्धा झाले नाहीत. 1930च्या मार्चमध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि 1 एप्रिलपासून सरकारने ती केंद्रं चालवायला घेतली. 1936 साली त्याचंच नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. ऐकणाऱ्याच्या खिशातच काही नसेल तर नुसत्या त्याच्या भरवशावर रेडिओ मुंबई-कलकत्त्याच्या दिवाणखान्यांबाहेर पडत नाही, हा पहिला धडा.

मग सरकारच्या पैशावर तो बाहेर पडला. कुठवर गेला ते सांगते. पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं. दोन वर्षांत तिथून 'गीतरामायण' लागलं, ते साऱ्यांना ठाऊक आहे. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत, आणि त्या साली अधिक महिना आला म्हणून एकूण गीतं छप्पन्न झाली. पंचांगाप्रमाणे कार्यक्रम वाढवायची चैन जाहिरातीच्या वेळापत्रकाला परवडली नसती. पण मला जास्त अप्रूप वाटतं ते पुढच्या वर्षीच्या एका प्रयोगाचं, जो आता कुणाला आठवत नाही. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली आणि प्रत्येक गावात एक श्रोता मंडळ उभं केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. मंडळी चावडीत नाहीतर शाळेत एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर तावातावाने बोलत आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या गावांची तुलना मंडळं नसलेल्या गावांशी केली, तेव्हा मंडळांच्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली. पुढे ही कल्पना देशभर नेली गेली. तुमच्याकडे आज ज्याला प्रेक्षकांचा सहभाग म्हणतात तो पोस्टकार्डांवर चालायचा.

आता तू म्हणशील, आत्या, हे सगळं मोबाइलच्या आधीचं. बरं, अलीकडचं घे. 2020च्या जुलैत शाळांना कुलूप होतं. ज्यांच्या घरी स्मार्टफोन एक आणि मुलं तीन, त्यांचं काय? तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठांवर. ना रिचार्ज, ना रेंज शोधत झाडावर चढणं. कोकणातल्या मच्छीमाराला समुद्र खवळणार असल्याचा इशारा रेडिओवरून मिळतो, तेव्हा रेडिओ त्याला काही विकत घ्यायला सांगत नाही. देशात तेवीस भाषा आणि एकशे एकोणऐंशी बोलींमध्ये आकाशवाणी बोलते. यातल्या बऱ्याच बोलींत एक साबणसुद्धा खपवता येणार नाही एवढेच बोलणारे आहेत. त्यात बाजाराचा दोष नाही. गिऱ्हाईक असेल तिथे तो जातो, टँकरसारखा. पैसे मोजले की दारात पाणी. पण टँकर येतो म्हणून गावच्या विहिरीचा गाळ काढायचं सोडून दिलं, तर टँकरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो आणि वस्तीच्या टोकाला तर तो येतच नाही.

आता आमच्या घरची पापंही सांगते, नाहीतर म्हणशील आत्याने एकच बाजू सांगितली.

1952 ते 1962 अशी दहा वर्षं माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री डॉ. बा. वि. केसकर होते. मराठी माणूस, संगीताचा जाणकार. शास्त्रीय संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. कित्येक गवयांच्या चुली त्या काळात रेडिओवर पेटल्या. पण सिनेमाची गाणी ऐकून लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांनी ठरवलं आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायची, कोलंबोहून लागायची आणि भारतातली घरंच्या घरं ती ऐकायची. बिनाका टूथपेस्टवाल्याने जे ओळखलं ते सरकारला ओळखता आलं नाही. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आपण आपलेच श्रोते परत मागून आणले. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्याला लोकांच्या आवडीचा तिटकारा परवडत नाही. रागदारी ऐकवायची असेल तर ती ऐकावीशी वाटेल अशी ऐकवावी. दुसरी गाणी काढून घेऊन ऐकवली की माणूस उठून जातो.

दुसरं पाप याहून मोठं. आणीबाणीत लोक ऑल इंडिया रेडिओला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मीही म्हणायचे. पैसा एकाच खिशातून येत असेल आणि त्या खिशाला हातही एकच असेल, तर दुसरं काय होणार? त्यानंतर वर्गीज समिती नेमली गेली. तिने स्वायत्त संस्थेची शिफारस केली, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला 1990 उजाडलं. झालेला कायदाही सात वर्षं कपाटात राहिला आणि 1997 साली ती संस्था, प्रसार भारती, अस्तित्वात आली. त्या कायद्यात संसदेच्या समितीची आणि लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद होती. त्या दोन्ही कागदावरच राहिल्या. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा पैसा सरकारकडून आणि मंत्रालयातून वर्षाच्या वर्षाला येत राहिला. म्हणजे मुलगा वेगळा राहायला गेला, पण वाणसामान अजून बापाच्या खात्यावर येतं, तशातली गत. आणि रेडिओपुरतं बोलायचं तर यात आणखी एक मेख आहे. खासगी एफएमवाल्यांना आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. रेडिओवरच्या बातमीला दार एकच, आणि त्या दाराची किल्ली कुणाकडे आहे हे म्हणूनच महत्त्वाचं.

तिसरा खिसा जाहिरातीचा. तो काही खासगी वाहिन्यांनी शोधून काढला नाही. 1 नोव्हेंबर 1967 रोजी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती लागल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरला. दूरदर्शनवर त्या 1976 साली आल्या. जाहिरातीत मला अधर्म दिसत नाही; साबणाचा खप वाढून एखाद्या बासरीवाल्याचं मानधन निघत असेल तर उत्तमच. गोम अशी की जाहिरातदार कार्यक्रमाचे पैसे देत नाही, कार्यक्रमासमोर बसलेल्या माणसाचे देतो, आणि माणूस पाहून देतो. कांदा पिकवणाऱ्यापेक्षा मोटार घेणाऱ्याचे जास्त देतो. त्याच्या भरवशावर राहिलं की हळूहळू, कुणी हुकूम न सोडता, बाजारभावांचा कार्यक्रम दुपारी सरकतो, मग अर्ध्या तासाचा दहा मिनिटांवर येतो आणि एके दिवशी त्या जागी भलतंच काहीतरी लागतं.

हे सगळं पाहून झाल्यावर आज पैसा कसा येतो ते बघ. केंद्राच्या अर्थसंकल्पातून प्रसार भारतीला गेली काही वर्षं अडीच हजार कोटींच्या आगेमागे रक्कम मिळते. त्यातला मोठा वाटा पगारात जातो. 140 कोटी लोकांत वाटून बघ: माणशी अठरा रुपयांच्या आसपास, वर्षाचे. एका वडापावाचे पैसे. तू म्हणालीस ना, पैसे आमच्या टॅक्समधून जातात? जातात, आणि ते जवळपास त्या शेतकऱ्याच्या पंधरा रुपयांएवढेच आहेत. फरक इतकाच की तुला पावती मिळत नाही. पावती नाही म्हणून आपण पैसे भरतो हेच तू विसरलीस, आणि आमच्यातलेही पुष्कळ विसरले.

दुसरी मिळकत डीडी फ्री डिशची. 2004 साली सुरू झालेली ही दूरदर्शनची छत्री आज चार कोटींहून अधिक घरांवर आहे. महिन्याचं बिल नाही, एकदा छत्री बसवली की झालं. त्या घरांत पोहोचण्यासाठी खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून जागा घेतात आणि कोट्यवधी रुपये मोजतात. तू जिथे चाललीस त्यांच्या धंद्यालाही सार्वजनिक छप्पर लागतं, हे ध्यानात ठेव. मला यात जत्रा दिसते. देवस्थानच्या जागेत पाळणे, भेळेच्या गाड्या, बांगड्यांची दुकानं लागतात. त्यांच्या भाड्यातून देवळाचा खर्च निघतो, आणि निघावाच. पण विश्वस्त सकाळ-संध्याकाळ भाड्याच्याच हिशेबात राहिले, तर गाभाऱ्यात वात कोण लावणार?

परदेशात काय करतात हे तू विचारशीलच. ब्रिटनमध्ये परवाना फी भरावी लागते; 2025 साली ती घरटी वर्षाला 174 पौंड 50 पेन्स होती. बीबीसी तिथे जाहिराती दाखवत नाही आणि त्या फीवरून दर काही वर्षांनी रणं माजतात. मला जर्मनीची तऱ्हा जास्त पटते. तिथे प्रत्येक घराने महिन्याला 18 युरो 36 सेंट भरायचे. ही रक्कम किती असावी हे एक स्वतंत्र आयोग हिशेब तपासून सुचवतो. 2020 साली एका राज्याने वाढ अडवून धरली, तेव्हा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पुढच्या वर्षी ती लागू करायला लावली: प्रसारमाध्यमांचा पैसा रोखून त्यांना नमवता येणार नाही, असा त्याचा अर्थ. याच्या उलट अमेरिका. तिथे सार्वजनिक प्रसारणाला पैसे देण्यासाठी 1967च्या कायद्याने एक महामंडळ काढलं होतं. 2025च्या जुलैत तिथल्या संसदेने पुढच्या दोन वर्षांसाठी मंजूर झालेले 1.1 अब्ज डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तग धरतील. त्या पैशाशिवाय ज्यांचं चालत नाही ती लहान गावांतली. रक्कम मोठी की लहान यापेक्षा ती कुणाला एका सकाळी काढून घेता येते का, हे बघायचं असतं.

म्हणून माझं मत विचारशील तर असं. वित्त आयोग जसा राज्यांचा वाटा पाच वर्षांसाठी ठरवून देतो, तसा या माध्यमांचा वाटा एका स्वतंत्र आयोगाने ठरवावा आणि संसदेने तो पाच वर्षांसाठी मंजूर करावा, म्हणजे दरसाल मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. जाहिराती घ्याव्यात, पण बातम्यांच्या आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या आसपास नकोत. फ्री डिशचं भाडं बोलीभाषा आणि लहान केंद्रं यांच्या नावे बांधून टाकावं. आणि ती कागदावरची परिषद एकदाची बसवावी, तिच्यात ऐकणारी माणसं असावीत. पैसा सरकारने गोळा करावा, कारण दुसऱ्या कुणाला तो सगळ्यांकडून गोळा करता येत नाही; पण तो गोळा केला म्हणून तो सरकारचा होत नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच लहरींबद्दल सांगितलं. भांडण क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचं होतं आणि मुख्य निकाल लिहिला तो आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि बाजाराचीही असू नये. त्या निकालाचा पहिला अर्धा भाग तुमच्या लोकांनी पाठ केला. दुसरा अर्धा वाचायचा राहिला आहे, तो तू वाच.

आता तुझ्यासाठी. उपदेश करू नये असं ठरवून बसले होते, पण वय झालं की तेवढाच धंदा उरतो.

पहिलं: पगार कुठून येतो हे रोज आठव, लाज वाटून घेण्यासाठी नव्हे, सावध राहण्यासाठी. जाहिरात बातमीच्या कपड्यांत तुझ्या टेबलावर येईल. तिला नाही म्हणायची ताकद पहिल्या वर्षी तुझ्यात नसेल, हे मला कळतं. पण ती प्रायोजित आहे हे पडद्यावर दिसलंच पाहिजे, एवढा हट्ट नवख्या मुलीलाही धरता येतो.

दुसरं: तुमच्या आठवड्याचा निकाल प्रेक्षक मोजणाऱ्या ज्या मीटरांवर लागतो ती देशभरात पन्नास-साठ हजार घरांत आहेत, आणि टीव्ही वीस कोटींहून जास्त घरांत. 2020च्या ऑक्टोबरात बातम्यांच्या वाहिन्यांची ही मोजणीच थांबवावी लागली आणि 2022च्या मार्चपर्यंत ती बंद राहिली. त्या सतरा महिन्यांत प्रेक्षक कुठे पळून गेले नव्हते. मीटर नसलेल्या घरातही माणूस बसलेला असतो. महिन्यातून एक तरी बातमी त्याच्यासाठी कर. संपादक कुरकुरला तर अशा वेळी कर की जेव्हा त्याच्याकडे दुसरं काही नसेल. असे दिवस प्रत्येक वाहिनीत येतात.

तिसरं: चूक झाली तर दुरुस्ती त्याच वेळी, त्याच आवाजात सांग. चूक रात्री नऊला आणि दुरुस्ती पहाटे पाचला, असं करू नकोस. माझा आवाज कापला होता, तुझाही कापेल. कापू दे.

चौथं: आमच्या माध्यमांवर टीका जरूर कर, पण घर आपलं आहे असं समजून कर. दूरदर्शनने कुणाची आरती ओवाळली तर सांग की माझ्या अठरा रुपयांत हे बसत नाही. मात्र केंद्रं बंद व्हायला लागली की टाळ्या वाजवू नकोस. 2023च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा आदेश निघाला होता. रोज सकाळी सात-दहाच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या माणसांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ओरड केली आणि आदेश थांबला. त्या लोकांना कुणी पावती दिली नव्हती. तरी त्यांनी मालकासारखं फाटकाशी येऊन विचारलं, याचं मला फार बरं वाटलं.

तेव्हा बंद केलं तर कुणाचं अडेल, याचं उत्तर एवढंच: ज्यांचं अडेल त्यांची ओरड तुमच्या मीटरवर दिसणार नाही. तुझ्या स्टुडिओत लाल दिवा लागेल तेव्हा तो शेतकरी आत्ताच फाटकाशी येऊन उभा राहिला आहे असं समजत जा. त्याच्या खिशात आता पुस्तिका नाही. पण आपण चुकीचं वाचलं तर गाडीभाडं अजून त्याच्याच अंगावर पडतं.

मुंबईत जेवणाची आबाळ करू नकोस. वहिनीला सांग, फराळाचा डबा परत पाठवायची घाई नाही. दादाला नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क.: बाबांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, परवान्याची पुस्तिका दादाकडच्या पत्र्याच्या ट्रंकेत असायला हवी, जुन्या रेशनकार्डांच्या गठ्ठ्यात. सापडली तर मुंबईला घेऊन जा आणि टेबलाच्या खणात ठेव. कुणी विचारलं तर सांग, माझी पावती आहे.